हर्डलर मारिया पातिन्योचं प्रकरण: सेक्स दोनच की स्पेक्ट्रम, आणि दोन्ही उत्तरं का तोकडी पडतात

बायोलॉजिकल सेक्स बायनरी आहे (म्हणजे प्रकार दोनच) की स्पेक्ट्रम (म्हणजे मधल्या सगळ्या छटा असलेला पट्टा), यावर लोक तावातावाने भांडतात आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडे एकही हाडामांसाचं माणूस समोर नसतं, नुसत्या व्याख्या एकमेकांच्या अंगावर फेकणं चाललेलं असतं. म्हणून मी इथे एकच प्रकरण घेतेय, अथपासून इतिपर्यंत, आणि मुद्दाम असं घेतलंय की ज्यातली माहिती ऐकीव नाही, कारण जिच्यावर हे सगळं गुदरलं तिनेच २००५ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःच्या नावानिशी ते लिहून ठेवलंय. माझं मत आधीच सांगून टाकते, मग पटतं का बघा: हे प्रकरण 'दोनच' म्हणणाऱ्यांना जेवढं अडचणीत आणतं तेवढंच, किंबहुना जास्तच, 'स्पेक्ट्रम' म्हणणाऱ्यांना आणतं. आणि याचा अर्थ खरं काय ते दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे असा अजिबात नाही.

काय झालं

मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो, स्पेनची धावपटू, जन्म १९६१ चा, इव्हेंट अडथळ्यांची शर्यत. १९८५ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या कोबे शहरात वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स होते आणि ती स्पेनच्या टीममध्ये होती. त्या काळी बायकांच्या इव्हेंटमध्ये उतरायचं तर आधी आपण बाई आहोत हे लॅबकडून सिद्ध करून घ्यावं लागायचं. तिने ते आधीच केलेलं होतं, १९८३ च्या हेलसिंकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला टेस्ट झाली होती, पास झाली होती, हातात सर्टिफिकेट होतं. कोबेला जाताना ते सर्टिफिकेट न्यायचं राहून गेलं. एवढ्यावरून परत टेस्ट.

आणि या वेळी रिझल्ट वेगळा आला. शर्यतीच्या आदल्या दिवशी टीमच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, तेही बाकीच्या खेळाडू आजूबाजूला बसलेल्या असताना, की तुझ्या टेस्टमध्ये काहीतरी गडबड आहे, हॉस्पिटलमध्ये नीट क्रोमोसोम तपासावे लागतील आणि त्याचा रिपोर्ट यायला काही महिने जातील, म्हणजे उद्या पळता येणार नाही. नेमकं काय निघालंय हे कळायला मार्ग नाही, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय या भीतीत तिने ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी तिला सल्ला मिळाला की दुखापत झाल्याचं नाटक कर, म्हणजे कोणाला संशय यायला नको. तिने ते केलं, आणि आपलीच शर्यत स्टँडमध्ये बसून बघितली.

दोन महिन्यांनी स्पेनमध्ये पत्र आलं. कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमचा संच: शेहेचाळीस, एक्स-वाय. एरवी पुरुषांचा असतो तो.

जानेवारी १९८६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा होती. तिला पुन्हा तेच सांगण्यात आलं, पाय दुखतोय म्हण आणि गुपचूप बाजूला हो, या वेळी कायमची. ती नाही म्हणाली. पळाली, आणि ६० मीटर हर्डल्समध्ये पहिली आली. त्यानंतर तिचा रिपोर्ट वर्तमानपत्रांपर्यंत पोचला. खेळाडूंच्या वसतिगृहातून तिला बाहेर काढलं, स्कॉलरशिप बंद झाली, तिच्या नोंदलेल्या वेळा देशाच्या रेकॉर्डमधून पुसून टाकल्या, लग्न ठरलं होतं ते मोडलं, मैत्रिणी गेल्या. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीचं हे सगळं एका गालाच्या खरवडीवरून झालं, आणि ही मुलगी आयुष्यात एक क्षणही मुलगा म्हणून वाढलेली नव्हती, तिने कोणापासून काही लपवलं नव्हतं, लपवण्यासारखं काही आहे हे तिलाच माहीत नव्हतं. हे लिहिताना आजही राग येतो.

फिनलंडचे जनुकशास्त्रज्ञ आल्बर्ट द ला शापेल बरीच वर्षं या टेस्टच्या विरोधात बोलत होते, ते तिच्या बाजूने उभे राहिले. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय फेडरेशनने तिला परत पळायची परवानगी दिली. पण ऐन भरातली वर्षं गेली ती गेलीच, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची पात्रता तिची एका सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकली. पुढे ती स्पेनच्या व्हिगो युनिव्हर्सिटीत खेळशास्त्राची प्राध्यापक झाली.

ती टेस्ट नेमकं काय बघायची

यावर थोडं थांबायला हवं, कारण 'सायन्सने सिद्ध केलं' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा यंत्राने नेमकं काय मोजलं हे विचारायचं असतं.

१९६६ च्या बुडापेस्टच्या युरोपियन चॅम्पियनशिपला बायकांना डॉक्टरांच्या पॅनेलसमोरून कपडे काढून जावं लागलं होतं. त्या अपमानावर आरडाओरडा झाला म्हणून 'सुसंस्कृत' पर्याय म्हणून लॅब टेस्ट आली, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून तीच चालू झाली. गालाच्या आतल्या बाजूवरून हलकेच खरवडून पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंग द्यायचा, आणि मायक्रोस्कोपखाली पेशीकेंद्राच्या कडेला एक गडद ठिपका दिसतो का बघायचं. हा ठिपका १९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि इवार्ट बर्ट्राम यांना मांजरांच्या मज्जापेशी बघताना सापडला होता, म्हणून त्याला बार बॉडी म्हणतात. मांजरींमध्ये दिसायचा, बोक्यांमध्ये नाही. पुढे कळलं की तो ठिपका म्हणजे गुंडाळून बंद करून ठेवलेला एक एक्स क्रोमोसोम असतो. ज्या पेशीत दोन एक्स, तिथे एक बंद, म्हणून एक ठिपका.

म्हणजे टेस्ट काय मोजते? एक्स किती आहेत. बास. वाय आहे का, वृषण आहेत का, हार्मोन काय करतायत, शरीर कसं घडलंय, यातलं काहीच तिला दिसत नाही. आता बघा गंमत नव्हे, चक्क घोळ कसा होतो: क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेला पुरुष, ज्याचे क्रोमोसोम एक्स-एक्स-वाय असतात, तो या टेस्टमध्ये बाई म्हणून पास होईल. टर्नर सिंड्रोम असलेली बाई, जिला एकच एक्स असतो आणि वाय नसतोच, ती नापास होईल. दोन एक्स असूनही पुरुषाचं शरीर असलेली माणसं असतात, हेच ते द ला शापेल यांच्या नावाने ओळखलं जाणारं सिंड्रोम, ती पास होतील. आणि त्याउपर पातिन्योच्या बाबतीत तर १९८३ ला पास, १९८५ ला नापास, शरीर तेच. या टेस्टवर वीसहून जास्त वर्षं बायकांची करिअर ठरत होती.

तिच्या शरीरात झालं काय होतं

आता मुख्य भाग, आणि इथे घाई करून चालणार नाही, कारण सगळा वाद इथेच सुटतो किंवा अडकतो.

गर्भात पहिले सहा-एक आठवडे रचनेत मुलगा-मुलगी असा फरक दिसतच नाही. प्रत्येक गर्भात ग्रंथींची एक जोडी असते जिचे पुढे वृषणही होऊ शकतात आणि अंडाशयही, शिवाय नळ्यांच्या दोन जोड्या असतात, म्युलेरियन आणि वुल्फियन, पहिलीतून गर्भाशय आणि बीजवाहिन्या बनू शकतात, दुसरीतून पुरुषाच्या वीर्यनलिका वगैरे. म्हणजे सुरुवातीला दोन्हीकडचं सामान सगळ्यांकडे असतं. मग वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय नावाचा जीन, असला आणि चालू असला तर, सुरू होतो आणि ग्रंथीला वृषणाच्या वाटेला लावतो. (हा जीन १९९० मध्ये सापडला, म्हणजे पातिन्योला बाहेर काढलं तेव्हा हे पहिलं बटण कुठलं हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी निकाल ठामपणे दिले जात होते.) वृषण तयार झाले की ते दोन वेगळे निरोप पाठवतात. एक अँटी-म्युलेरियन हार्मोन, जो म्युलेरियन नळ्या विरघळवतो, म्हणजे गर्भाशय बनत नाही. दुसरा टेस्टोस्टेरॉन, जो वुल्फियन नळ्या टिकवतो, आणि त्याचंच एका एन्झाइमने रूपांतर होऊन जे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं ते बाहेरचे अवयव पुरुषी बनवतं.

पण हार्मोन नुसतं रक्तात असून काही होत नाही. पेशीत ते धरणारा रिसेप्टर लागतो, आणि या अँड्रोजेन (म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन) रिसेप्टरचा जीन आहे कुठे, तर एक्स क्रोमोसोमवर. सगळ्यांकडे असतो, बायकांकडे, पुरुषांकडे, सगळ्यांकडे. तो जीन बिघडला आणि रिसेप्टर पूर्ण निकामी झाला, तर पत्र रोज येतंय पण घरात ते उघडणारं कोणीच नाही अशी स्थिती होते. याला पूर्ण अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी म्हणतात. पातिन्योचं निदान हेच होतं.

अशा व्यक्तीत वाय आहे, एसआरवाय आहे, तो काम करतो, म्हणून वृषण बनतात, पण पोटात किंवा जांघेत आतच राहतात. अँटी-म्युलेरियन हार्मोनचा रिसेप्टर वेगळा असतो आणि तो ठीक असतो, म्हणून गर्भाशय नाही. टेस्टोस्टेरॉन भरपूर, पुरुषांच्या रेंजमध्ये किंवा त्याहून वर, पण त्याचा परिणाम शून्य, म्हणून वुल्फियन नळ्याही टिकत नाहीत आणि बाहेरचे अवयव पूर्णपणे मुलीचे. जन्मल्यावर कोणालाही काही वेगळं वाटत नाही, मुलगी झाली म्हणतात, आणि मुलगीच वाढते. वयात येताना त्या वाया चाललेल्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, ते तर सगळ्यांच्याच शरीरात थोडंफार होत असतं, आणि इस्ट्रोजेनचा रिसेप्टर व्यवस्थित असल्याने छाती भरते, अंगाची ठेवण बाईची होते. काखेत आणि खाली केस जवळपास येत नाहीत कारण ते अँड्रोजेनचं काम. पाळी येत नाही. बहुतेक वेळा लहानपणी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये किंवा मग पंधरा-सोळाव्या वर्षी 'अजून पाळी नाही' म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर हे लक्षात येतं.

एक गोष्ट इथे नीट अधोरेखित करायची आहे. सर्वसाधारण बाईच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असतं, अंडाशयातून येतं, अॅड्रिनल ग्रंथींतून येतं, कमी असतं पण असतं आणि त्याचा परिणामही होतो. पूर्ण इन्सेन्सिटिव्हिटी असलेल्या बाईवर तेवढाही होत नाही. म्हणजे कोबेमध्ये त्या दिवशी जेवढ्या मुली हर्डल्सच्या लाइनवर उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांपेक्षा टेस्टोस्टेरॉनचा असर जिच्या अंगावर कमी झाला होता तिलाच पुरुषी फायदा असेल या संशयावरून बाहेर बसवलं.

'दोनच' म्हणणाऱ्यांचं म्हणणं

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा क्रोमोसोमचा नाहीच, आणि जे लोक 'एक्स-एक्स बाई, एक्स-वाय पुरुष, विषय संपला' म्हणतात ते आपल्याच बाजूचा कमकुवत मुद्दा मांडतात. पक्ष्यांत क्रोमोसोम उलटे असतात, तिथे मादीला दोन वेगळे आणि नराला दोन सारखे. मगरींमध्ये आणि बऱ्याच कासवांमध्ये अंड्याभोवतीच्या तापमानावर ठरतं. तरीही आपण त्या सगळ्यांत नर-मादी बिनदिक्कत ओळखतो, मग कशावरून? बीजपेशीवरून. एक मोठी, साठा भरलेली, जागेवर बसणारी. दुसरी छोटी, भरपूर संख्येने, धावणारी. माणसाचं स्त्रीबीज साधारण ०.१ मिलिमीटरचं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असं, आणि शुक्राणूचं डोकं त्याच्या वीसाव्या भागाएवढं. मधल्या आकाराची तिसरी बीजपेशी माणसात नाही. कोणाच्याही शरीरात कधी सापडलेली नाही. या पातळीवर सेक्स दोन आहेत, आणि हे मान्य करायला मला काडीचाही संकोच वाटत नाही, उलट जे लोक हेसुद्धा 'स्पेक्ट्रम' मध्ये ओढतात त्यांचा हट्ट मला कळत नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. प्रजननाच्या पद्धती दोन आहेत, यावरून प्रत्येक माणूस दोनपैकी एका खान्यात स्वच्छ बसतो असं आपोआप निघत नाही. पूर्ण इन्सेन्सिटिव्हिटीत शुक्राणू सहसा बनत नाहीत आणि स्त्रीबीज तर बनूच शकत नाही. मग म्हणतात की बनतात की नाही सोडा, शरीराची घडण कुठल्या बीजपेशीच्या दिशेने झाली ते बघा. ठीक आहे, बघू. ग्रंथी बघितली तर वृषण, म्हणजे पुरुष. नळ्या बघितल्या तर ना या ना त्या. बाहेरचे अवयव, छाती, वयात येणं बघितलं तर बाई. 'शरीराची घडण' असं एकवचनात म्हणायला शरीराने एकाच दिशेने जायला हवं होतं, ते इथे गेलेलं नाही. काही जण ठामपणे म्हणतात की नाही, ग्रंथी हीच अंतिम कसोटी. त्यांना व्याख्या करायचा अधिकार आहेच, उत्क्रांती शिकवताना ती व्याख्या उत्तम चालते, पण मग त्या व्याख्येने पातिन्योबद्दल काय कळलं तेही सांगावं लागेल. तिला 'पुरुष' म्हणून जे जे अंदाज बांधाल, स्नायू, आवाज, दाढी, हाडांची रुंदी, ते एकेक करून चुकतील. ज्या शिक्क्यावरून पुढचं काहीच नीट सांगता येत नाही तो शिक्का त्या माणसापुरता निरुपयोगी आहे, बाकी कोट्यवधी लोकांसाठी तो कितीही बरोबर असो.

'स्पेक्ट्रम' म्हणणाऱ्यांचं म्हणणं

हे लोक पातिन्योसारखी प्रकरणं पुढे करूनच बोलतात, बघा, अशीही शरीरं असतात, म्हणजे सेक्स हा एक पट्टा आहे, एका टोकाला पुरुष, दुसऱ्याला बाई, आणि मध्ये सगळ्या छटा. भावना चांगली आहे, अशा माणसांना जागा मिळावी ही इच्छा आहे, ती मलाही आहे. पण मग तिला त्या पट्ट्यावर ठेवून दाखवा ना. कुठे ठेवणार?

क्रोमोसोमच्या पट्ट्यावर ती थेट एका टोकाला. ग्रंथीच्या बाबतीतही त्याच टोकाला. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर तर टोकाच्याही पलीकडे. बाहेरच्या रचनेवर पूर्ण दुसऱ्या टोकाला. अँड्रोजेनच्या परिणामावर त्या दुसऱ्या टोकाच्याही पुढे, सर्वसाधारण बाईपेक्षाही पुढे. गर्भाशयाच्या बाबतीत पुरुषासारखी. आणि उंची, या स्थितीतल्या बायकांची सरासरी उंची बायकांच्या सरासरीपेक्षा जास्त आणि पुरुषांच्या सरासरीपेक्षा कमी असते, म्हणजे एवढी एकच गोष्ट खरोखर मधली! हे सगळं एकत्र करून सरासरी काढून 'ती मध्ये आहे' म्हणणं म्हणजे तिच्या शरीराबद्दल जे काही नेमकं माहीत आहे ते सगळं फेकून देणं आहे. ती मधली नाहीच. तिच्या शरीरात काही गोष्टी पूर्णपणे एका बाजूच्या आहेत आणि काही पूर्णपणे दुसऱ्या, आणि कुठली कुठल्या बाजूची का आहे याचं कारण आपल्याला एकेका रेणूपर्यंत सांगता येतं.

हे मान्य की काही ठिकाणी खरोखर छटा असतात. हाच रिसेप्टर पूर्ण निकामी न होता अर्धवट चालला, तर बाहेरचे अवयव किती पुरुषी बनले याच्या पायऱ्या पडतात, क्विगली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच्या सात पायऱ्या मांडल्या, डॉक्टर त्या वापरतात. तिथे 'स्पेक्ट्रम' शब्द चपखल बसतो, पण एका जीनच्या कामाबद्दल, एका गुणाबद्दल. त्यावरून अख्ख्या सेक्सला पट्टा म्हणणं ही उडी आहे.

मग आकडे येतात, आणि आकड्यांवर दोन्ही बाजू अशा तुटून पडतात की जणू तिथेच निकाल लागणार आहे. २००० साली एक पेपर आला, अॅन फॉस्टो-स्टर्लिंग त्यातल्या एक लेखिका, त्यावरून 'ठरलेल्या साच्यात न बसणारी शरीरं १.७ टक्के' हा आकडा सगळीकडे पसरला. २००२ मध्ये लेनर्ड सॅक्स यांनी उत्तर दिलं की खरा आकडा ०.०१८ टक्के. जवळपास शंभर पटींचा फरक, आणि दोघांनी वेगळी माणसं मोजलेलीच नाहीत, कोणाला यादीत धरायचं हे वेगळं ठरवलं. १.७ मधले सुमारे १.५ टक्के एकट्या उशिरा दिसणाऱ्या जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेजियाचे (अॅड्रिनल ग्रंथी जास्त अँड्रोजेन बनवतात ती स्थिती), त्यातल्या बायकांना दोन एक्स असतात, अंडाशय असतात, गर्भाशय असतं, त्रास असेल तर अंगावर जास्त केस, पाळीची अनियमितता असा. त्यांना 'मधल्या' म्हणणं मला चुकीचंच वाटतं आणि त्यांच्यावर अन्यायाचंही वाटतं. पण उलट बाजूने, आकडा लहान आहे म्हणून प्रश्नच नाही असं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. पूर्ण इन्सेन्सिटिव्हिटी एक्स-वाय क्रोमोसोम असलेल्या वीसेक हजार जन्मांत एखादी, किंवा त्याहूनही कमी. दुर्मीळ आहे. पण जी आहे ती आहे, आणि एखाद्या वर्णनात ती बसत नसेल तर ते वर्णन 'प्रत्येकासाठी' आहे असा दावा सोडावा लागतो.

मग म्हणायचं काय

माझ्या मते एकाच वाक्यात दोन वेगळे प्रश्न कोंबल्यामुळे हा गुंता झालाय. माणसाच्या प्रजननात भूमिका किती? दोन. एखादं शरीर त्या दोनपैकी एका बाजूला जाताना काय काय घडतं? एकामागून एक बरेच टप्पे, क्रोमोसोम, जीन, ग्रंथी, दोन प्रकारचे निरोप, त्यांचे वेगळे रिसेप्टर, मग वयात येणं. बहुसंख्य लोकांत हे सगळे टप्पे एकाच दिशेला वळतात म्हणून आपल्याला तो एकच गुण वाटतो. काही थोड्या लोकांत एखादा टप्पा वेगळा वळतो, आणि तिथे 'या व्यक्तीचं सेक्स काय' याला एका शब्दाचं उत्तर मागणं म्हणजेच चुकीचा प्रश्न विचारणं. कुठला टप्पा, ते विचारा. मूल होईल का हे विचारायचं असेल तर ग्रंथी आणि गर्भाशय बघा. टेस्टोस्टेरॉनने शरीर घडवलं का हे विचारायचं असेल तर रिसेप्टर बघा. तिला काय म्हणून हाक मारायची हे विचारायचं असेल तर तिलाच विचारा, त्याला लॅब लागत नाही.

खेळाच्या नियमांनी हेच शिकायला केवढी वळणं घेतली ते बघण्यासारखं आहे. पातिन्योच्या प्रकरणानंतर अॅथलेटिक्सच्या फेडरेशनने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरसकट क्रोमोसोम टेस्ट सोडली. ऑलिम्पिक समितीने सोडली नाही, त्यांनी ठिपक्याऐवजी थेट एसआरवाय शोधणारी डीएनए टेस्ट आणली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३३८७ बायका तपासल्या, ८ जणींमध्ये एसआरवाय सापडला, त्यातल्या ७ जणींना अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी होती, काहींना पूर्ण, काहींना अर्धवट. आठही जणींना खेळू दिलं. ३३८७ मध्ये ७ हे प्रमाण एरवीच्या लोकसंख्येपेक्षा बरंच जास्त आहे आणि त्यावर बोट ठेवणारे लोक काही मूर्ख नाहीत, उंचीचा फायदा असू शकतो, अर्धवट इन्सेन्सिटिव्हिटीत टेस्टोस्टेरॉनचा थोडा परिणामही होतो, तो प्रश्न खरा आहे. पण उंचीचा फायदा उंच एक्स-एक्स बाईलाही असतो आणि तिला कोणी तपासत नाही. १९९९ मध्ये, सिडनीच्या आधी, ऑलिम्पिक समितीनेही सरसकट टेस्ट बंद केली.

आणि आता ती परत आली आहे. वर्ल्ड अॅथलेटिक्सने (अॅथलेटिक्सच्या त्याच फेडरेशनचं आताचं नाव) १ सप्टेंबर २०२५ पासून महिलांच्या जागतिक पातळीवरच्या स्पर्धांसाठी एसआरवाय टेस्ट सक्तीची केली, आयुष्यात एकदाच करायची. हा जीन शोधणाऱ्या टीममधले अँड्र्यू सिंक्लेअर यांनी त्यावर जाहीर टीका केली, की या टेस्टने जीन आहे एवढंच कळतं, वृषण बनले का, हार्मोन बनलं का, शरीराने ते वापरलं का, हे कळत नाही. अगदी बरोबर बोलले ते. पण नियम नीट वाचला तर त्यात एक अपवाद लिहिलेला आहे: पूर्ण अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी असेल तर महिलांच्या गटात पळता येईल. म्हणजे 'दोनच' या पायावर उभ्या केलेल्या नियमालाही एसआरवाय सापडल्यावर थांबून पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर आणि तो पुढचा प्रश्न विचारून होईपर्यंत त्या मुलीचा रिपोर्ट कोणाकोणाच्या हातात असेल, ही माझी खरी काळजी आहे, कारण १९८६ मध्ये घात झाला तो तिथेच झाला.

दवाखान्यात तर हे आणखी जवळून दिसतं. कित्येक दशकं अशा मुलींना खरं सांगितलंच जात नव्हतं, 'अंडाशयात दोष होता म्हणून काढले' असं सांगून लहानपणीच वृषण काढून टाकायचे, कारण डॉक्टरांच्या डोक्यात मुलगी म्हणजे वृषण असूच शकत नाहीत असं पक्कं बसलेलं, आणि वर गाठ होण्याची भीती. काढले की शरीराला स्वतःचं इस्ट्रोजेन बनवायला कच्चा मालच उरत नाही, मग वयात यायला बाहेरून हार्मोन, पुढे हाडं टिकवायला वर्षानुवर्षं हार्मोन, आणि ते का घ्यायचं हे तिला माहीत नाही म्हणून कित्येक जणी मध्येच सोडून द्यायच्या. आता बऱ्याच ठिकाणी पद्धत बदलली आहे. पूर्ण इन्सेन्सिटिव्हिटीत वयात येण्याआधी गाठीचा धोका कमी असतो हे कळल्यावर वृषण राहू देतात, शरीराला आपलंआपण वयात येऊ देतात, वयाला झेपेल तसं एकेक करून तिला सगळं सांगतात, आणि मोठी झाल्यावर काढायचे की ठेवून लक्ष ठेवायचं हे तिला ठरवू देतात. त्या खोलीत आईवडील पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतात, डॉक्टर, मुलगी आहे ना? चांगला डॉक्टर हो म्हणतो, आणि मग कागद घेऊन चित्र काढून दाखवतो की आत काय आहे, काय नाही, आणि कशामुळे.